मांडीची जागा

१२ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, नवीन वाईट काही नाही. फोनच केला असता, पण तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की भिंतीपलीकडे सूनबाईला शब्दन्‌शब्द कळतो. तेव्हा आपलं खलबत कागदावरच बरं.

बाळ गेलं त्याला आज सहा आठवडे झाले. आठव्या महिन्यात, पोटातल्या पोटात. तेव्हापासून तुमची लेक उठते, आंघोळ करते, पुढ्यात ठेवू ते खाते, ‘हो’ म्हणते, ‘नको’ म्हणते. भांडत नाही हो! लग्न होऊन आली त्याच आठवड्यात कपबशा कुठल्या फळीवर ठेवायच्या यावरून जी मुलगी माझ्याशी तासभर भांडली, ती आता मी कप कुठेही ठेवले तरी मान वर करत नाही. आमचे चिरंजीव दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू करतात आणि घरी आले की स्वतःच बंद पडतात. दोघंही एकमेकांना जपून जपून चालतात, मी मधल्यामध्ये.

बाळाच्या खोलीसाठी ती मोझाइक करत होती हे तुम्हाला माहीतच आहे. दाराएवढा लाकडी फळा, त्यावर फुटक्या भांड्यांचे तुकडे चिकटवून बसलेली बाई. झगा तुमच्या निळ्या काठाच्या ताटल्यांचा आणि केस माझ्या हॉटेलातल्या तपकिरी किटल्यांचे. दोन्ही घरांत आजवर जे जे फुटलं, ते या पोरीने पिशव्यांत भरून जपलं होतं. मला वाटायचं, कचरा साठवायचं वेड आहे. बाई जवळजवळ पुरी झाली होती. मांडीपाशी नुसतं लाकूड दिसतं, तिथवर काम आलं आणि थांबलं. आता त्या खोलीला कुलूप आहे.

तुम्ही तिला जन्मापासून ओळखता. मी पाच वर्षं. ती अशी गप्प झाली की तुम्ही काय करायचात, ते सांगा. आणि खरं सांगायचं तर, तुम्ही याच ना इकडे. तुमच्याइतकं माझ्याने होणार नाही.

तुमची,
सूनबाईची सासू

१९ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. भिंगरीला तुमच्यासारखं घर मिळालं, हे माझ्या मनात नेहमी असतं, आज लिहून टाकते.

यायचं म्हणता, पण माझ्या गुडघेदुखीने पुन्हा डोकं वर काढलंय. दीड दिवसाचा गाडीचा प्रवास झेपणार नाही. शिवणयंत्रावर बसणंही अर्ध्यावर आणलंय. थोडं बरं वाटलं की बघू.

तुम्ही विचारलंत म्हणून आठवून बघितलं. अर्धवट राहिलेलं काम तिला कधी सोसलं नाही. सात वर्षांची असताना बाहुलीसाठी स्वेटर विणायला घेतला आणि बाही चुकली. दोन दिवस जेवली नाही, बोलली नाही, नुसती त्या सुयांकडे बघत बसायची. शेवटी ती शाळेत गेल्यावर मी गुपचूप बाही उसवून विणून ठेवली. संध्याकाळी आली, बघितलं, काही न बोलता पोटभर जेवली आणि बाहुली घेऊन खेळायला पळाली. मी केलं हे तिला आजही माहीत नाही.

तुम्ही तिच्याजवळ आहात. सुचेल ते करा, सासू म्हणून संकोच धरू नका. फक्त झाल्या गोष्टीवर फार बोलू नये असं मला वाटतं. अशा वेळी जुनं काढलं की माणूस आणखी खचतं.

भिंगरीची आई

२७ जानेवारी

विहीणबाई, मोहीम फत्ते!

तुमच्या स्वेटरच्या गोष्टीने माझे डोळे उघडले. मी इतके दिवस हातावर हात ठेवून बसले होते, आणि उपाय माझ्या हातातलाच! आज सकाळी दोघं डॉक्टरांकडे गेले, संध्याकाळशिवाय यायचे नाहीत. खोलीची किल्ली तिने चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये लपवली होती. माझ्या घरातल्या ड्रॉवरमध्ये माझ्यापासून वस्तू लपवायची म्हणजे कमालच.

आत गेले, फळा नीट बघितला. तुकड्यातुकड्यांत बोटभर नाही, पण नखभर फटी. धूळ बसलेली! अहो, तीस वर्षं मी हॉटेलातल्या खोल्यांची देखरेख केली, बाथरूमच्या दोन फरश्यांमधली रेघ काळी दिसली तर मी माणसाला घरी जाऊ दिलं नाही. फटी कशा भरायच्या हे मला कुणी शिकवायला नको. हार्डवेअरवाल्याकडून फटी भरायचं राखाडी सिमेंट आणलं, बादलीत कालवलं आणि बसले पदर खोचून.

केस, चेहरा, झगा, सगळ्या फटी बंद केल्या. मांडीपाशी उघडं लाकूड होतं, तेही भरून टाकलं, नाहीतर पावसाळ्यात फुगलं असतं. तळहाताने असं गुळगुळीत केलंय की बघत राहाल. तुकड्यांवर थोडा पांढुरका थर राहिलाय, तो निघेल पुसून. काम पुरं झालं! आता ती येईल, बघेल आणि पोटभर जेवेल. सूप चुलीवर ठेवलंय. पाकीट आत्ताच पेटीत टाकून येते.

तुमची,
फुशारकी मारणारी विहीण

२९ जानेवारी

विहीणबाई,

परवाचं पत्र पोस्टातून परत मागता आलं असतं तर मी पोस्टमनच्या पाया पडले असते.

मीच तिला हाताला धरून खोलीत नेलं. म्हटलं, डोळे मीट, आता उघड. मी हसत होते, विहीणबाई. ती फळ्याजवळ गेली आणि मांडीवर हात ठेवला. सिमेंट घट्ट झालं होतं. तिने नखाने खरवडून बघितलं. मग विचारलं, ‘कुणी केलं?’ मी म्हटलं, ‘मी. तुझं अर्धवट राहिलं होतं ना.’

ती म्हणाली, ‘अर्धवट नव्हतं. ती त्याची जागा होती.’

आणि खाली जमिनीवर बसली. दवाखान्यात रडली नव्हती, इथे आल्यावर रडली नव्हती, ती त्या दिवशी अशी रडली की शेजारच्या बाई दार वाजवून गेल्या. चिरंजीवांनी तिला जवळ घेतलं, तर तोही रडायला लागला. मी दारात उभी, हाताला सिमेंट तसंच.

मला खरंच वाटलं होतं की काम तिथवर येऊन थांबलं. कुणी विचारायला जावं की नाही? मी विचारलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर खोली आवरावी तशी आवरली.

तुम्हाला जे बोलायचं ते बोला, पण बोला. घरात गप्प बसणारे दोघं आधीच आहेत.

तुमची विहीण

२ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं आज एकदमच हातात पडली. पहिलं वाचतानाच पुढे काय झालं असणार ते कळलं. दुसरं उघडायला धीर होईना, ते शिवणयंत्रावर ठेवून मी घरभर फिरून आले.

चूक माझी आहे. त्या जागेचं मला माहीत होतं. बाळ हलायला लागलं तेव्हाच भिंगरीने लिहिलं होतं, की मांडी मोकळी ठेवलीय, बाळाचं तोंड बघीन आणि मगच त्याच्या रंगाचे तुकडे निवडीन. हे तुम्हाला कळवायला हवं होतं. उलट मी तुम्हाला बाहीची गोष्ट सांगून बसले. ज्या विषयावरून उठून जायची मला सवय आहे, तिथूनच मी पुन्हा उठून गेले.

सवय कशी लागली ते सांगते. कुणाला सांगितलेलं नाही, आणि वय झालं, आता एकदा सांगावंसं वाटतंय. भिंगरीच्या आधी दोन वर्षं मला मुलगी झाली होती. दिवस पूर्ण भरले होते. ती रडलीच नाही. मला तिचे केस तेवढे दिसले, भरपूर होते, मग नर्सने तिला गुंडाळून नेलं. चार दिवसांनी मी घरी आले, तर घर लख्ख. पाळणा नाही. मी अकरा झबली शिवली होती, एकही नाही. माझ्या आईने आणि आत्याने सगळं आवरून कुठेतरी देऊन टाकलं होतं, मला बघून त्रास होऊ नये म्हणून. मी कपाटाखाली, गादीखाली, शिवणाच्या डब्यात शोधलं. एक बटणसुद्धा सापडलं नाही. आणि दोघी इतक्या मायेने माझ्याकडे बघत होत्या की मी रागावू कुणावर?

पुढे कुणीच तिचं नाव काढलं नाही, यांनीही नाही. भिंगरी झाली तेव्हा सगळे म्हणाले, झालं, आता विसर. मीही ‘हो’ म्हटलं.

म्हणून तुमच्यावर मला राग नाही आला, विहीणबाई. तुम्ही माझ्या आईसारखंच केलंत, जीव लावून. पण भिंगरीला निदान खरवडायला काहीतरी उरलंय.

गुडघा माझा ठणठणीत आहे. मी घाबरलेय. तिच्यासमोर बसले की माझं तोंड उघडेल, आणि तिचं दुःख राहील बाजूला, माझंच रडगाणं सुरू होईल. लेकीला सावरायला गेलेल्या आईने असं करायचं का? म्हणून येत नाही. हे तिला कळू देऊ नका, तुम्हाला माझी शपथ.

भिंगरीची आई

११ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. तेहतीस वर्षं! अहो, मी तर तेहतीस मिनिटं काही पोटात ठेवू शकत नाही.

आधी इकडची हकिकत. त्यानंतर पाच दिवस सूनबाई आपल्या खोलीतून बाहेर आली नाही. सहाव्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते, तर कर्र कर्र आवाज. गेले बघायला. बाळाच्या खोलीचं दार सताड उघडं, बाईसाहेब फळ्यापुढे पाटावर, हातात पटाशी, सगळे केस सिमेंटच्या भुकटीने पांढरे. मी दारात उभी. तिने मागे न बघता एक जुना स्क्रूड्रायव्हर पुढे केला आणि म्हणाली, ‘उभ्या काय राहिलात? झगा तुम्ही घ्या. व्हिनेगर त्या बाटलीत आहे, थर पुसायला. मांडीला हात लावायचा नाही!’

ती माझ्यावर ओरडली, विहीणबाई! माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून रोज खरवडतोय. मी भराभर करायला जाते आणि तिच्या शिव्या खाते. ‘हे बाथरूम नाही,’ म्हणते. मी म्हटलं, ‘बाथरूम असतं तर कधीच झालं असतं.’ तेव्हा ती एकदा हसली, अगदी थोडी, मग पुन्हा रडली. आता ती हसते आणि रडते एकाच बैठकीत, मी स्क्रूड्रायव्हर थांबवत नाही. चिरंजीव कामावरून आले की खाली पडलेली भुकटी झाडतात आणि तिथेच जमिनीवर बसून जेवतात. काल त्याने तिला विचारलं, बाळाची हनुवटी माझ्यासारखी होती का गं? ती म्हणाली, हो. दोघं त्या हनुवटीवर अर्धा तास बोलत होते. मी उठून भांडी घासायला गेले, घासून ठेवलेलीसुद्धा.

आता गुन्हा कबूल करते. तुमचं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. वाचूनही दाखवलेलं नाही. तोंडाने एक अक्षर सांगितलेलं नाही, शपथ पाळली. परवा सकाळी मी ते व्हिनेगरच्या बाटलीखाली ठेवलं आणि बाजारात गेले. एक कोबी आणायला मला तीन तास लागले.

रागवायचं तर खुशाल रागवा. एकदा तिला न विचारता आवरलं, आता तुम्हाला न विचारता पसरलं. माझ्या हातून काहीच विचारून होत नाही, असं दिसतंय. पण परत आले तेव्हा सूनबाई पत्र मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिचा चेहरा मला पाच वर्षांत कधी दिसला नव्हता असा होता. पुढचं तीच लिहील. मी मध्ये पडत नाही. (पडले असते, पण पाकीट ती स्वतःच चिकटवणार आहे म्हणे.)

तुमची,
शपथ पाळणारी विहीण

१२ फेब्रुवारी

आई,

मला ताई होती.

हे वाक्य मी तीन दिवसांपासून सारखं म्हणून बघतेय. एकतीस वर्षं मी एकुलती एक आहे असं सगळ्यांना सांगत आले, शाळेत निबंधात लिहिलं, त्याला दहापैकी आठ मार्क मिळाले. आणि मला ताई होती, तिचे केस भरपूर होते!

पत्र उभ्यानेच वाचलं. पहिली दुपार मी तुझ्यावर चिडले होते, खोटं कशाला सांगू. मग तुझी अकरा झबली मोजत बसले. तू कपाटाखाली वाकून शोधतेयस, हे मला दिसायला लागलं, आणि त्या वेळी तू माझ्याहून लहान होतीस हे लक्षात आलं. आई गं, तू सत्तावीस वर्षांची होतीस.

तुला वाटतं, तू तुझं बोललीस तर माझं बाजूला राहील. अगं, माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं. सगळे माझ्यासमोर हवापाणी आणि कोबीचा भाव. डॉक्टर म्हणाले, तरुण आहात. शेजारच्या म्हणाल्या, दुसरं होईल. मला वाटायला लागलं होतं की मीच काहीतरी विचित्र आहे, माझ्याच डोक्यात एक बाळ होतं, बाकी कुणाच्या नाही. तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं की मी वेडी नाही. हे तू मला पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर! जाऊ दे. आता सांगितलंस. म्हणजे सासूबाईंच्या व्हिनेगरने सांगितलं.

त्यांच्यावर रागावू नकोस. मीही खूप रागावले होते, आता राग पुरत नाही. सकाळी नऊला पदर खोचून हजर असतात, गुडघे दुखले तरी बोलत नाहीत (त्यांचे खरंच दुखतात, तुझ्यासारखे नाही). त्यांनी माझ्या बाळाच्या जागी सिमेंट भरलं आणि त्याच हातांनी आता एकेक रेघ मोकळी करताहेत. मांडीचं मात्र मी एकटीने काढलं. तिथे थर जाड होता, त्याला आपोआप तडे गेले होते, पटाशी घातली तर मोठे ढलपे सुटून आले. खालचं लाकूड ठीक आहे. तिथे काय बसवायचं ते अजून ठरलेलं नाही. सासूबाई म्हणतात, घाई नको. आणि हे त्या म्हणतात!

इथे पाळणा आहे, कपडे आहेत, मी कुणाला हलवू दिलेले नाहीत. तू आलीस की आपण दोघी बघू.

एक विचारायचंय. अकरा झबली शिवलीस, म्हणजे मनात नावही ठरवलं असणार. काय होतं तिचं नाव? आमच्या बाळाचंही ठरलं होतं. मी ते फळ्याच्या पाठीमागे पेन्सिलने लिहून ठेवलंय, अजून कुणासमोर तोंडाने म्हटलेलं नाही.

ये ना गं.

तुझी,
भिंगरी

१८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तू नाव विचारलंस. तेहतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या बाबांनीही नाही, आणि त्यांना ठाऊक नव्हतंच, मी बारशापर्यंत राखून ठेवलं होतं.

तुझं पत्र आलं तेव्हा एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. टेप तिच्या खांद्यावरच राहिली, मी वाचत राहिले. बिचारी अर्धा तास हात पसरून उभी होती. तिला सगळं सांगितलं. समोरच्या औषधवाल्याला सांगितलं. आज तिकीट काढताना खिडकीतल्या माणसाने विचारलं, एकट्याच का, कुठे निघालात, तर त्यालाही सांगितलं, की मला दोन मुली, धाकटीकडे निघालेय. त्याने खिडकीची जागा दिली.

विहीणबाईंना सांग, मी रागावलेली नाही. आल्यावर त्यांच्या पाया पडणार आहे, आणि त्यांनी आढेवेढे घेतले तर पाय ओढणार आहे.

नाव लिहायला चार कागद घेतले, चारही फाडले. इतकी वर्षं मनातल्या मनातच हाक मारली गं, कागदावर परकं दिसतं. शुक्रवारी सकाळच्या गाडीने पोचते. तुझ्या कानात सांगीन. मग तू मला तुझ्या बाळाचं सांग.

तुझी आणि तुझ्या ताईची,
आई